चौरंगावरची पांढरी साय

ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि देवाला तर मुळीच नाही. त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? गोष्ट त्याच्याच आसनाची आहे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि चवथीला, गणपतीच्या दिवसांत, मयेला माझ्या माहेरी जेवायला येणार नाही.

एक आधीच सांगून टाकते. माझ्या भावाला मी माफ केलेलं नाही. पुढे वाचताना तुम्हाला वाटेल, आता ही रडेल, आता म्हणेल चुकलं माझं भाई. तसं काही होणार नाही. मी रागीट बाई आहे. राग माझ्या पोटात लोणच्यासारखा राहतो — मुरतो, नासत नाही. तेव्हा भावासाठी मी हे लिहीत नाहीये. कोणासाठी लिहितेय ते पुढे येईल. लवकर येणार नाही, कारण ते सांगायला जीभ रेटत नाही.

पेडण्याच्या बाजारात आमचं रंगाचं दुकान आहे. नवरा पूर्वी पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, दुकान घातलं. तो टेम्पो घेऊन मोरजीच्या गेस्ट हाऊसांना माल पोचवतो, गल्ल्यावर मी बसते. मला या धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आता लाकूड दाखवा, त्याला काय लागेल ते मी सांगते. हल्ली सगळ्यांना एकच हवं असतं — लाकडाचा मूळ रंग आहे तसा दिसायला हवा. वरून काही लावलंय असं वाटता नये, पण लावलेलं तर हवं. हे वाटतं तितकं सोपं नाही. तेलाचं वॉर्निश दिवसेंदिवस पिवळं पडत जातं. लाखेचं पॉलिश तांबूस झाक देतं. अगदी पाण्यासारखं स्वच्छ राहणारे प्रकार थोडे, आणि त्यातला झटपट सुकणारा म्हणजे लॅकर.

पण लॅकरला आमची पावसाळी हवा सोसत नाही. हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि सुकताना वर पांढरी साय धरते. पेज सांडून तशीच सुकून जावी, तसं दिसतं. हे मला कोणी शिकवलं नाही. दुकान घातलं त्याच वर्षी भर आषाढात मोरजीच्या एका गिऱ्हाइकाला मी लॅकर दिला. त्याची सगळी टेबलं पांढरी पडली आणि त्याने बाजारात उभं राहून माझी लाज काढली. तेव्हापासून पावसात लॅकर मागायला आलेल्याला मी हात जोडते. म्हणते, बाबा, दिवाळीनंतर ये.

सगळ्यांना म्हणते. एकाला म्हटलं नाही.

आम्ही दोनच भावंडं. भाई मोठा, मी धाकटी. तो मला बाय म्हणतो. माहेर मयेला, तळ्याच्या वरच्या अंगाला. वडील गेल्यावर वाटणीचा विषय निघाला. आमच्या गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, तिच्या सहीशिवाय काही पुढे सरकत नाही. मी सही करून सगळं सोडून द्यावं असं भाईच्या मनात होतं. मी नाही म्हटलं नव्हतं. विचार करून सांगते, एवढंच म्हटलं होतं. तेवढ्यानेच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बोलणं बंद झालं. आणि बोलणं बंद असताना आई आजारी पडली.

मला कळवलं नाही.

मयेहून पेडणं तासाभराची वाट. फोनला तर तेवढाही वेळ लागत नाही. आई अंथरुणाला खिळली, तिचं खाणं तुटलं, आई गेली — आणि मला कळलं शेजारणीकडून. मी पोचले तेव्हा आईला उचलून नेलं होतं. अंगणात बायका बसल्या होत्या आणि पोफळीच्या कुळागराच्या पलीकडे धूर दिसत होता. आईचं तोंड मी पाहिलं नाही. भाई आंघोळ करून ओल्या पंचाने परत आला तेव्हा मी विचारलं, का रे असं केलंस? माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू येवन झगडीं करतलें, म्हणून कळयलें ना."

तू येऊन भांडणं करशील, म्हणून कळवलं नाही. मरणाऱ्या आईच्या उशाशी बसून मी भांडले असते? असं त्याला वाटलं? की मी आईला सांगेन, तुझा मुलगा मला काय करायला लावतोय, याची भीती वाटली? शेजारीण नंतर म्हणाली, आई शेवटपर्यंत विचारत होती, बाय येयलें? आणि घरची माणसं तिला सांगत होती, वाटेवर आहे. मी वाटेवर नव्हते. मी दुकानात बसून कोणाला तरी खिडक्यांचा रंग दाखवत होते.

सही मी पुढच्याच महिन्यात करून दिली. मुद्दाम. घे म्हटलं, तुझं घर तुला लखलाभ. त्यानंतर मयेची वाट मी सोडली, आणि तेव्हापासून मी वाट बघत होते. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं.

मग एका श्रावणात भाई दुकानात आला. चवथ महिन्यावर आली होती. छत्री दारात उभी केली, पिशवीतून लाकडाचा एक तुकडा काढला आणि काउंटरवर ठेवला. फणसाचं लाकूड, हळदीसारखं पिवळं. मला बघताक्षणी कळलं. आमच्या परसातला फणस. आई तांदूळ धुतलेलं पाणी रोज त्याच्या बुंध्यात ओतायची. मोरीत ओतलेलं तिला खपायचं नाही. तो फणस वादळात पडला, भाई म्हणाला, आणि त्याच्या फळ्या कापून मेस्ताकडून, आमच्या सुताराकडून, गणपतीसाठी नवा चौरंग करून घेतला. पुढच्या फळीवर मोर कोरलेला.

"बाय, हो रंग असोच रांवक जाय," तो म्हणाला. "आवयक आवडतालो."

हा रंग असाच राहायला हवा, आईला आवडायचा.

मयेच्या जवळच डिचोलीत रंगाची दुकानं काय बंद पडली होती? तासभर पावसातून तो माझ्याकडे आला होता. मी काही खुळी नव्हे. मला समजलं तो का आला ते. माफी मागायची नाही, पण ती मिळाली असं धरून चालायचं — आमच्या घरातल्या पुरुषांची ही जुनी रीत. लाकडाचा तुकडा पुढे करायचा आणि बहिणीने तेवढ्यात विरघळून जायचं. कदाचित दुसरी एखादी विरघळली असती. मी ऐकलं ते एवढंच — आईला काय आवडायचं ते हा मला सांगतोय. हा!

मी हसले. समोरच्या हॉटेलातून चहा मागवला, उंडो पाव आणि पातळ भाजी मागवली. वयनी कशी आहे, पोरं कशी आहेत, सगळं विचारलं. खरं उत्तर एका वाक्याचं होतं — यंदा जुनाच चौरंग वापर, याला दिवाळीनंतर हात लाव. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. रोज येतं, सवयीचं आहे. मी ते गिळलं आणि म्हटलं, "भाई, लॅकर घे. पाण्यासारखा स्वच्छ. आईचा रंग आहे तसा राहील."

आईचा रंग, असं मी म्हटलं. त्याचे डोळे भरून आले. मी ते बघितले आणि मला बरं वाटलं. तेव्हा वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही आठवलं की वाटतं.

म्हणतात ना, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडाही लाकडाचाच असतो.

दोन दिवसांनी माल न्यायला भाईचा पॉलिशवाला आला. मल्लाप्पा. बेळगावकडचा, पार पलीकडच्या कोरड्या मुलखातला. बायकोला घेऊन मयेला खोली करून राहिला होता आणि लोकांची दारं-खिडक्या, देव्हारे करत करत त्याने गावात चांगलं नाव कमावलं होतं. चवथीआधी आमच्याकडे जो तो घर नवं करायला निघतो. ज्याचा हात चांगला, त्याला त्या महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि ज्याच्या हातून चवथीचं काम नासलं, त्याला पुन्हा कोणी उंबरठ्यावर घेत नाही. देवाचं काम नासवलं म्हणतात, आणि तेवढ्यावर विषय संपतो.

त्याने डबे उचलले, खाली ठेवले. मग संकोचत म्हणाला, "बाई, मी लाखेतला माणूस. ह्यो लॅकर मला नवा. पावसाची हवा हाय... चालतंय न्हवं?"

त्याने विचारलं. हे लक्षात ठेवा. त्याने मला विचारलं होतं.

"बिनधास्त लाव," मी म्हटलं. "हांगा, गोव्यात, सगळेच लावतात."

लॅकर पातळ करायला ओल्या हवेसाठी एक मंद सुकणारा थिनर असतो, तो घातला तर धोका थोडा कमी होतो. तो मागच्या फळीवर होता. मी त्याला रोजचा, झटकन उडून जाणारा थिनर दिला. डबे दोरीने बांधून बसस्टँडकडे निघताना तो वळून म्हणाला, "येतो बाई." मी मान हलवली.

त्यानंतर मी पावसाकडे ज्या डोळ्यांनी बघत होते, तसं कधी शेतकऱ्यानेही बघितलं नसेल. रोज सकाळी दार उघडलं की आभाळ बघायची. भरलेलं दिसलं की कामाला जोर यायचा. मनात चित्र रंगवायची — मयेला दारापुढचं खळं माणसांनी भरलंय, चुलते, मावश्या, वयनीच्या माहेरचे, आत गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधलीय, तिला नारळ, सुपाऱ्या, तोरिंगं, रानातली फळं लटकतायत, आणि खाली गणपतीचा चौरंग, पांढरा फटक, कोड फुटल्यागत. आणि भाई सगळ्यांच्या मधे उभा, तोंड लपवायला जागा नाही. देवाच्या आसनावर सूड उगवतेय, हे मनात आलं नाही का? आलं. मी म्हटलं, देवाला तरी कुठे माझी आठवण झाली होती, आई विचारत होती तेव्हा?

चवथीला चार दिवस उरले असताना भाईचा फोन आला. फोन त्याने स्पीकरवर टाकला होता. मागून पाऊस ऐकू येत होता, माणसं ऐकू येत होती. सगळ्या चौरंगावर साय धरलीय, मोर तर दिसतच नाही, म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हो मल्लाप्पा म्हणटा, तुवेंच सांगलां पावसांत चलता म्हणून."

हा म्हणतो, पावसात चालतं असं तूच सांगितलंस.

इथे थांबते जरा. तुम्हाला वाटलं असेल, ही लॅकरचा कबुलीजबाब देतेय. लॅकरचं मला काही वाटत नाही. ते मी आज पुन्हा करीन. माझी गोष्ट इथून पुढे सुरू होते, आणि इथपर्यंत यायला मी तुम्हाला केवढा वळसा घालून आणलं बघा.

मी म्हटलं, "मी? मी कशाला असं सांगेन? मी त्याला बजावलं होतं, पावसात लावू नको म्हणून. त्याने ऐकलं नसेल."

मागून मल्लाप्पाचा आवाज आला. चिडलेला नव्हता. चकित झाला होता. "बाई, तुम्हीच बोलला की बिनधास्त लाव. मी इचारलं व्हतं तुमास्नी."

आणि मग भाई त्याच्यावर ओरडला. सगळ्यांच्या देखत, इतक्या मोठ्याने की माझ्या हातातला फोन घरघरला. "म्हजी भयण फट मारची ना!"

माझी बहीण खोटं बोलणार नाही. ज्याने मला आईच्या तोंडाला मुकवलं, तो माझ्यासाठी भांडत होता. माझ्या खोट्यासाठी. एका शब्दाने मी ते थांबवू शकले असते — भाई, थांब, मीच सांगितलं. एवढंच. सूड तर उगवून झाला होता, चौरंग पांढरा पडलाच होता. मग का नाही बोलले? विचार करकरून मला एकच उत्तर मिळालं आहे. मला ते गोड लागलं. भाईने माझी बाजू घ्यावी, हे मला लहानपणापासून हवं होतं. ते मिळालं तेव्हा मल्लाप्पा मधे पडला होता, आणि मी त्याच्यावर पाय देऊन ते उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लाप्पा दुकानात आला. वाटलं, आता बाजार गोळा करणार. तो पायरीच्या खालीच उभा राहिला, चपला काढून. म्हणाला, "बाई, चूक माजी म्हणा पायजे तर. पर मी इचारलं व्हतं, येवढं तरी त्यास्नी सांगा. कामं समदी ग्येली माजी." खरंच, दोन घरांनी त्याचं सामान बाहेर काढून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "गिऱ्हाईक आहे, नंतर ये."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याने आत बघितलं, रिकाम्या दुकानाकडे, मग माझ्याकडे. चपला घातल्या आणि गेला. नंतर तो आला नाही.

चवथीला भाईने चौरंगावर लाल कापड घालून वेळ मारून नेली. आमचा दीड दिवसाचा गणपती पोचवून मी मयेला गेले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. वयनीने मिठी मारली, मला सगळ्यांच्या आधी पान वाढलं. भाई मला आत नेऊन, कापड उचलून म्हणाला, आता काय करूया? आणि मला हेही माहीत होतं. दिवाळीनंतर कोरड्या हवेत वरून नुसता थिनर मारला असता, तरी साय बरीचशी विरली असती. फणस खालून पुन्हा पिवळा दिसला असता. मी म्हटलं, "आता काही होणार नाही. घासून काळपट डाय मारून टाक, झाकेल." काळपट रंगाचा डबा मीच माझ्या दुकानातून पाठवला. आता तो चौरंग जुन्या कपाटासारखा काळा दिसतो. मोराची पिसं घासताना गेली. आईचा रंग मी दोनदा पुसला. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा का, ते मला सांगता येत नाही.

भाईने त्या दिवशी आणलेला तुकडा काउंटरवरच राहिला होता. कोरडी हवा आल्यावर मी त्याला व्यवस्थित घासून पाण्यात मिसळायचं, पीयू नावाचं पारदर्शक पॉलिश लावलं, पातळ हात, एकावर एक. खणात ठेवलाय. अजून हळदीसारखा पिवळा आहे. कोणाला लाकडाचा मूळ रंग राखायचा असला की मी तो काढून दाखवते. असा राहतो बघा, म्हणते.

मल्लाप्पा मला गेल्या उन्हाळ्यात दिसला. नवऱ्याबरोबर टेम्पोतून मोरजीला गेले होते, नव्या हॉटेलाच्या बांधकामावर. तो डोक्यावरून वाळूची घमेली वाहत होता. मला ओळखलं. घमेलं खाली ठेवून म्हणाला, "बऱ्या हाय न्हवं बाई?" मी टेम्पोची काच वर केली. नवरा म्हणाला, कोण गो तो? मी म्हटलं, माहीत नाही.

आता मी हे आजच का लिहितेय, ते सांगते.

मयेला दर चवथीला आरती झाली, पानं उठली की सगळे खळ्यात बसतात आणि भाई ती गोष्ट सांगतो. त्याची ती आवडीची गोष्ट झालीय. पॉलिशवाल्याने चौरंग कसा नासवला, वर बायचंच नाव कसं घेतलं, आणि आपण त्याला कसा झाडला. शेवटचं वाक्य ठरलेलं, तेही सगळ्यांना पाठ — म्हजी भयण फट मारची ना. मग सगळे माझ्याकडे बघून हसतात. मीही हसते.

यंदा आरत्या म्हणून म्हणून भाईचा घसा बसला होता. वयनीच्या माहेरचे नवे व्याही आले होते, त्यांना ती गोष्ट ऐकायची होती. भाईने गळ्याला हात लावून दाखवला आणि म्हणाला, "बाय, यंदा तूंच सांग गो."

आणि मी सांगितली. पहिल्यापासून. भाई सांगतो तशीच — पाऊस, पांढरी साय, फोन, त्याचा एक शब्द सोडला नाही. आत काळ्या चौरंगावर गणपती बसलेला होता, वर माटोळी डुलत होती. मल्लाप्पाचं बोलणं आलं तिथे मी मान खाली घातली, हात जोडले आणि त्याच्या आवाजात म्हटलं, "तुम्हीच बोलला की बाई." व्याही पोट धरून हसले. भाईच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मल्लाप्पाचा आवाज मला हुबेहूब जमला.